यजमान बसत नाही

संत लूकाच्या सणाला कुणाला बोलवायचं नसतं. घराण्याचा संत आहे, वर्षातून एकदा त्याची मेणबत्ती लागते, त्या दिवशी दार उघडं असतं. ज्याला आठवण आहे तो येतो, ज्याला नाही तो घरी बसतो. आमंत्रण धाडणं म्हणजे आपली किंमत आपणच काढणं. हा नियम लिपोविक गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि ओब्राद टेशानोविचच्या उरावर तो गेली कित्येक वर्षं बसलेला होता.

ओब्राद म्हणजे सात नंबर. गावाच्या बास्केटबॉल क्लबाचा कॅप्टन. एका वसंतात ह्या धुरकट गावानं बेलग्रेडच्या बड्या क्लबांना लोळवून कप आणला होता, तेव्हाचा कॅप्टन. त्या काळात लूकाच्या दिवशी ह्या घरात खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर, एकदा तर पंचसुद्धा, जिन्यावर बसून मांडीवर ताटल्या घेऊन जेवले होते. आता तो अठ्ठावन्नचा झाला होता. उंची तेवढीच, पण दोन्ही गुडघे गेलेले, आणि अंगणात मेहुण्याची एक गंजकी गाडी. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासे जागेवर होते, माणसंच फिरली होती.

तरी पठ्ठ्यानं तीस माणसांचं टेबल मांडलं होतं. अख्खं डुकराचं पिल्लू भाजून आणलं होतं, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सार्माचं पातेलं चुलीवर दोन दिवस रटरटत होतं, आणि दाराशी उकडलेल्या गोड गव्हाचा वाडगा, त्यात चमचे खोचून, येणाऱ्याची वाट बघत होता. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

"हे डुक्कर आपण ईस्टरपर्यंत खाणार आहोत," बोर्का म्हणाली. ही त्याची बायको. बुटकी, काटक, आणि जिभेला हाड नसलेली. "नाहीतर असं करू, तुझ्याच गळ्यात बांधते. गावभर फिर, म्हण, लूकाला विसरलात का."

"तिहोमिर येणार आहे."

"फोन करून विचारलं ना त्यानं, घरी आहेस का म्हणून? लूकाच्या दिवशी तू घरी नसशील तर कुठे असशील, चंद्रावर? विचारून येतो तो पाहुणा नसतो, ओब्राद. त्याचं काहीतरी काम असतं."

"कुम आहे तो माझा."

बोर्का चुलीकडे वळली, कारण यावर बोलण्यासारखं काही नसतं. लग्नात जो साक्षीला उभा राहतो, मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर जो हातात धरतो, तो कुम. सख्खा भाऊ भांडला तर भांडू दे, कुम तुटू द्यायचा नाही. आणि कुमानं देवाची नि संत योवानाची आण घालून काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. ज्यानं नाही म्हटलं त्याच्या घरावरून लोक वाट बदलून जातात.

मेहुणा मिलोये टेबलाच्या टोकाला सकाळपासून राकिया दारूची बाटली सांभाळत होता. "दाजी, बस की रे आता! उभ्यानं वाळून जाशील."

"यजमान बसत नाही."

"अरे, संत लूका स्वतः वैद्य होता म्हणतात. तुझे गुडघे बघून तोच म्हणेल, बस बाबा, माझी अब्रू जाते!"

मिलोये स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. ओब्राद नाही हसला. लूकाच्या दिवशी यजमान उभा राहून वाढतो, ओततो, पाहुण्यांचे कोट घेतो. मेणबत्ती जळतेय तोवर बूड टेकत नाही. त्याचा आजोबा म्हणायचा, यजमान बसला की सण उठला. तीस वर्षांत ओब्राद एकदाही बसला नव्हता. आताशा आदल्या रात्री गोळ्या घ्यायच्या, सकाळी दोन्ही गुडघ्यांना पट्टे आवळायचे, आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत फिरायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं माणूस आग्रह करतोय. हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, एकदा का दिवसभर उभं राहून मग बसलात तर उठवायला माणूस लागेल. तेव्हा न बसण्यात धर्म किती आणि भीती किती, हे लूकालाच ठाऊक.

गुडघ्यांची गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे. कपाच्या अंतिम फेरीचा शेवटचा सामना होता. उजवा गुडघा कलिंगडाएवढा सुजलेला, डावा त्याच्या वाटचं ओझं वाहून रडकुंडीला आलेला. मध्यंतरात डॉक्टर म्हणाला, आता खेळलास तर आयुष्यभर लंगडशील. ओब्राद कपडे बदलायच्या खोलीत बाकावर आडवा पडला होता. तेव्हा तिहोमिर, जो त्याला मैदानात चेंडू पुरवायचा, तो येऊन समोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "देवाची आणि संत योवानाची आण, कुम. ऊठ." ओब्राद उठला. सुया टोचून घेतल्या, खेळला, शेवटची फेक त्यानंच टाकली. गाव पहाटेपर्यंत नाचलं. मग तीन शस्त्रक्रिया झाल्या, दोन हिवाळे ग्रीसमध्ये कसेबसे काढले, आणि एकतिसाव्या वर्षी खेळ संपला. तिहोमिर आणखी आठ वर्षं खेळला, मग प्रशिक्षक झाला, आता क्लबाचा क्रीडा संचालक. ओब्रादला काय मिळालं? हॉलच्या छताला, कपाच्या झेंड्याशेजारी, त्याचा सात नंबरचा शर्ट लटकला. तो पुन्हा कुणी घालायचा नाही, असं त्या दिवशी सगळ्या हॉलसमोर ठरलं.

तेवढंच त्याच्याजवळ उरलं होतं. मुलगी व्हिएन्नात, गुडघे मातीत, आणि नंबर छताला. सामना असेल त्या दिवशी तो हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून, आणि खेळ बघण्याआधी एकदा वर बघायचा. लोक त्याला पाहून मान हलवायचे, कधी कोणी "कॅप्टन" म्हणायचं. घरी आल्यावर तो बोर्काला ते सांगायचा. बोर्का म्हणायची, "बरं झालं, जेवायला बस."

दुपार कलता कलता अंगणात दोन मोठ्या काळ्या गाड्या शिरल्या.

ओब्राद दाराशी पोचला तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. तिहोमिर आला होता, केस रंगवलेले, पोट सुटलेलं. त्याच्यामागून क्लबाचा नवा अध्यक्ष स्रेच्को, जो गावात इमारती बांधतो आणि क्लबाचा खर्चही उचलतो. आणि सगळ्यात शेवटी, दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून, डेव्हॉन. अमेरिकेहून आणलेला, तेवीस वर्षांचा, ह्या मोसमातला क्लबाचा सगळा जुगार ज्याच्यावर लागला होता तो.

"सण सुखाचा जावो, यजमान!" तिहोमिरनं छातीवर क्रूसाची खूण केली, गव्हाचा चमचा तोंडात घातला आणि ओब्रादच्या गालांचे तीन मुके घेतले. "कुम! अजून उभा आहेस की रे!"

"तुझीच वाट बघत होतो."

"विसरीन का मी लूकाला?"

बोर्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "छे छे. बारा वर्षं तू रोज आठवण काढत होतास, पाय तेवढे निघत नव्हते."

तिहोमिर मोठ्यानं हसला. "हिची जीभ अजून धारदारच आहे!"

घर भरलं, म्हणजे ओब्रादला तरी भरल्यासारखं वाटलं. तो वाढत सुटला. डुकराची कुरकुरीत कातडी ज्याला आवडते त्याला आधी, सार्मा, पाव, लोणच्याच्या मिरच्या, लाल वाइन. बाटली ओतायची, खुर्चीची पाठ धरायची, पुढच्याकडे सरकायचं. स्रेच्को आडवा हात मारत होता. मिलोयेनं सगळ्यांना तोच वैद्याचा विनोद पुन्हा ऐकवला आणि ह्या खेपेला सगळे हसले. ओब्रादही हसला, कारण घरात हसणारी माणसं होती.

"आठवतंय का," तिहोमिर म्हणाला, "नोव्ही सादच्या सामन्यात तू चेंडू टाकलास तो थेट त्यांच्या प्रशिक्षकाच्या थोबाडावर!"

"मुद्दाम टाकला होता."

"मुद्दाम! ऐका! ह्याला बास्केट दिसत नव्हती, प्रशिक्षक तेवढा दिसला!"

ओब्रादनं डेव्हॉनच्या पेल्यात वाइन ओतली आणि जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघितलं. लांब बोटं, घट्ट गुडघे. पोरानं जाकीट गळ्यापर्यंत बंद केलेलं होतं, घर तापलेलं असूनही. त्यानं तिहोमिरकडे वळून इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?" ओब्रादनं विचारलं.

"म्हणतो, तुमचे सगळे जुने सामने बघितलेत. म्हणतो, तुम्ही दैवत आहात."

आता ओब्रादनं ग्रीसमध्ये दोन हिवाळे अमेरिकन खेळाडूंच्या खोलीत काढले होते, इंग्रजी त्याला कळत होतं, हे तिहोमिर विसरला होता. पोरानं विचारलं होतं, हा वेटर माझ्याकडे असा का बघतोय. त्याचा काय दोष? सगळे बसलेत, एक म्हातारा उभा राहून वाढतोय. त्याच्या देशात तो वेटरच असतो. ओब्रादनं मान हलवली, "आभारी आहे म्हणावं" म्हणाला आणि पोराच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. राग पोरावर नव्हता आला. कुम इतक्या सहज खोटं बोलला, ते मात्र काट्यासारखं रुतून बसलं.

मग स्रेच्कोनं तोंड पुसलं आणि तिहोमिरकडे बघितलं. तिहोमिरनं पेला खाली ठेवला.

"कुम, एक बोलायचं होतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"हा पोरगा लहानपणापासून सातच घालतो. सात नसेल तर खेळणार नाही म्हणतो. तुर्कस्तानातले लोक त्याच्या मागे लागलेत. शनिवारी घरचा पहिला सामना आहे. तू मैदानाच्या मध्यावर यायचं, आपल्या हातानं त्याला सात नंबरचा शर्ट द्यायचा. सगळा हॉल उभा राहील बघ. तुझा केवढा मान!"

"माझा नंबर छताला आहे," ओब्राद म्हणाला.

"छताला धूळ खातोय. पोराच्या अंगावर जिवंत होईल."

"मी जिवंत आहे अजून."

स्रेच्को म्हणाला, "ओब्राद, आम्हाला विचारायचीही गरज नव्हती. हॉल माझ्या पैशावर तापतो. पण जुनी माणसं शिट्ट्या मारतील, म्हणून म्हटलं तुमच्या हातून व्हावं."

"म्हणजे माझा मान नाही, तुम्हाला शिट्ट्या चुकवायच्यात."

"नाही रे, कुम..."

"नाही. झालं. वाइन घ्या."

त्यानं बाटली उचलली. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं, कोणी आलं नसतं तर बरं झालं असतं. तिहोमिर उठला. टेबलाला वळसा घालून समोर आला. डोळ्यांत पाणी आणायची त्याची कला जुनीच होती, आणि नोकरी जाण्याच्या भीतीनं ह्या वेळी ते पाणी खरंही असेल.

"ओब्राद. हा पोरगा गेला तर मी गेलो. देवाची आणि संत योवानाची आण. कुम म्हणून मागतो. दे."

मिलोयेनंसुद्धा पेला खाली ठेवला. मेणबत्ती अजून बरीच उरली होती. बोर्का दारात, हातात ओला फडका, नवऱ्याकडे बघत होती. घरचा यजमान लूकाच्या दिवशी, जळत्या मेणबत्तीसमोर, आण घातलेल्या कुमाला नाही म्हणू शकत नाही. हे तिहोमिरला माहीत होतं. म्हणूनच तर तो आजचा दिवस धरून आला होता.

ओब्रादनं बाटली ठेवली. जवळची खुर्ची ओढली. आणि बसला.

स्रेच्कोनं तिहोमिरकडे बघितलं.

"आजोबा म्हणायचे, यजमान बसला की सण उठला," तो म्हणाला. "उठला सण. आता तू पाहुणा नाहीस आणि मी यजमान नाही. तर ऐक. नाही."

"मी आण घातलीय, ओब्राद! योवानाची!"

"मागेही घातली होतीस. माझं सगळं कुमपण ह्या दोन गुडघ्यांत होतं, ते तेव्हाच तुला देऊन टाकलं. आता शिल्लक नाही. गरज सरो, वैद्य मरो. मी मेलोय असं समज."

बोर्कानं क्रूसाची खूण केली. भीतीनं केली की आनंदानं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस तिहोमिरला नाही म्हणाला होता.

तिहोमिरचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्यानं कोट उचलला. "चला," तो म्हणाला. "सण उठला म्हणतोय यजमान." दाराशी जाऊन मात्र तो थांबला, वळला. ओब्राद खुर्चीतच होता. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर, मान खाली, कपाळावर घाम. तिहोमिरला कळलं. मैदानात हा माणूस कुठल्या पायावर वळणार, हे त्याला आधी कळायचं, तसंच कळलं.

"काय रे, सोडायला येत नाहीस दारापर्यंत?" तो हळूच म्हणाला. "सण नसला तरी घरात आलेल्याला दारापर्यंत सोडतात. ऊठ, कुम."

ओब्रादनं जोर लावला. टेबलक्लॉथ सरकला, सार्माचा वाडगा पालथा झाला, तांबडा रस्सा पांढऱ्या कापडावर पसरत गेला. गुडघे जागचे हलले नाहीत. पुन्हा जोर लावला. तोंडातून आवाज निघाला, ढोराच्या तोंडून निघतो तसा.

"ऊठ ना," तिहोमिर म्हणाला. "एकदा उठला होतास."

"अरे ए हरामखोरा!" बोर्का फडका टाकून धावली. तिनं नवऱ्याच्या काखेत खांदा घातला, पण तिच्या जोरानं तो तसूभरही हलेना. मिलोये उठायला गेला आणि खुर्चीसकट आडवा झाला. स्रेच्को फोन हातात घेऊन उभा होता.

शेवटी डेव्हॉन पुढे झाला. त्याला बोलणं कळलं नव्हतं, पण म्हातारा वेटर पडतोय एवढं दिसत होतं. त्यानं जाकिटाची चेन खाली ओढली, वाकला, ओब्रादच्या दोन्ही काखांत हात घातले, "सावकाश, बाबा, सावकाश" असं त्याच्या भाषेत म्हणाला, आणि ते सगळं धूड एका दमात उचललं. ओब्राद त्याच्या छातीवर लटकला. जाकीट उघडं पडलं होतं. आत क्लबाचा नवा शर्ट होता. ओब्रादच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर, सात नंबर होता.

त्याच क्षणी स्रेच्कोच्या फोनचा उजेड चमकला.

"सोमवारीच तुझा सात उतरवला वरून," तिहोमिर दारातून म्हणाला. "तुझ्या हातानं दिला असतास तर तुलाच शोभलं असतं."

गाड्या गेल्या. बोर्कानं मेणबत्ती विझू दिली नाही, टेबल पुसलं, डुक्कर कापून फ्रीजमध्ये भरलं. ओब्राद भिंतीला टेकून उभा राहिला, कारण पुन्हा बसायचं त्याला धाडस होईना. त्यानं आपलं म्हणणं ठरवून टाकलं होतं. गावात जो पहिला भेटेल त्याला सगळं सांगायचं. कुमानं आण विकली, नंबर चोरला. शुक्रवारी तो घरीच होता, शनिवारी सामन्याला गेला नाही. रविवारी रात्री त्यानं ते सगळं बोर्काला मोठ्यानं म्हणून दाखवलं, शब्द न शब्द. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असंच सांग. एक अक्षर गाळू नकोस."

सोमवारी सकाळी ती त्याला बेकरीत घेऊन गेली. मांस-चीज भरलेल्या, खारीसारख्या बुरेकसाठी रांग होती. तो आत शिरताच रांग दुभंगली.

"कॅप्टन! पुढे या, पुढे या!" बेकरीवाली ल्युबिन्का काउंटरमागून ओरडली. "शनिवारी कुठे होतात? सगळा हॉल तुमच्यासाठी उभा राहिला! मोठ्या पडद्यावर तो फोटो लावला होता. तुम्ही त्या पोराला छातीशी धरलंय, त्याच्या अंगावर तुमचा सात! माझा नवरा रडला हो, दगडासारखा माणूस. तिहोमिर माइकवर म्हणाला, गुडघ्यांमुळे येता आलं नाही, पण आपल्या घरच्या सणाला, मेणबत्तीसमोर, आपल्या हातानं दिला. एवढं मन कुणाचं असतं सांगा!"

मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग रांगेतले सगळेच वाजवू लागले. एक म्हातारा टोपी काढून म्हणाला, "शाबास, सात नंबर. तुझ्यासारखे आता होणे नाही."

बोर्का नवऱ्याकडे बघत थांबली होती. ओब्रादचं तोंड उघडलं. ठरवलेली पहिली ओळ ओठांवर होती. त्यानं त्या चेहऱ्यांकडे बघितलं. सगळे त्याच्याकडे मान वर करून बघत होते. कितीतरी वर्षांनी असे बघत होते.

"कधीतरी कुणाला तरी द्यायचाच होता," तो म्हणाला. "चांगलं पोरगं आहे. मीच दिला, माझ्या हातानं."

टाळ्या पुन्हा वाजल्या. कोणीतरी विचारलं, पुढच्या लूकाला आलो तर चालेल ना, आणि ओब्राद म्हणाला, लूकाच्या दिवशी विचारायचं नसतं, दार उघडंच असतं. बोर्कानं बुरेकचा गरम पुडा उचलला. ओब्रादनं सवयीनं तिच्या खांद्याकडे हात केला, बाहेरच्या पायरीसाठी त्याला तो लागायचा.

"या, कॅप्टन, सावकाश या," ती म्हणाली आणि पायरी उतरून एकटीच रस्ता ओलांडून गेली.